बाबा असताना काढलेले केस

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

झालं! माझंच झालं! सिनेमाच्या दिग्दर्शिका विनिता मॅडमचा स्वतःचा फोन आला, असिस्टंटचा नाही. मी दुकानात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत होतो. माउस सोडून उभाच राहिलो. रवींद्रशेठ म्हणाले, "काय रे, शॉक लागला काय?" मालक आहेत, पण माणूस बरा.

मुलाची भूमिका. मुख्य. सिनेमात वडील कंपनीत मरतात आणि मुलगा तेरावं होईपर्यंत घरात असतो, त्याची गोष्ट.

मॅडम म्हणाल्या, "अर्ध्या सिनेमात तुझं मुंडण झालेलं आहे. खरं करायचं. मिशीसकट. चालेल ना?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मी "चालेल" म्हणालो.

कोलशेतच्या रिक्षात बसल्यावर कळलं मी काय बोललो ते.

१२ फेब्रुवारी

आईला सांगितलं. तिने पिठाचे हात माझ्या तोंडावर फिरवले. मिशीचं सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

नीट लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल.

आमच्यात बाप असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. डोकं तर नाहीच. ते एकाच दिवशी काढायचं असतं. गावात कोणी तरुण मुलगा तसा दिसला की विचारायची गरज नसते. लोक चप्पल काढून त्याच्या घरी जातात. चुलतभाऊ बंटीने कॉलेजात फॅशन म्हणून मिशी काढलेली, तर गोविंदाकाकांनी त्याला जेवायच्या पानावरून उठवलेलं. तेव्हा आमचं त्यांच्याशी बोलणं होतं.

आणि बाबा तर आजारी. फुप्फुसं गेलेली. नाकात नळी, शेजारी मशीन. दोनदा सिव्हिलमध्ये ठेवून आणलं. अशा माणसाच्या समोर मी गोटा करून उभा राहू?

बाबा टँकर चालवायचे. घोडबंदरच्या स्टुडिओंना पाणी द्यायचे. मला सुट्टीत केबिनमध्ये बसवून न्यायचे. सिनेमातला पाऊस टँकरचा असतो हे शाळेत कुणाला पटायचं नाही. मी काचेतून बघायचो. नळीतून पाणी उडायचं, खाली हिरो रडायचा, "कट" म्हटलं की तोच हिरो टॉवेल मागायचा. बाबा बिडी ओढत म्हणायचे, "बग, रडं खोटं, पाऊस पन खोटा. पानी तेवरं खरं, ते माझं." मला मात्र त्या टॉवेल मागण्याचंच नवल वाटायचं. आत्ता रडत होता ना हा? कुठे ठेवलं त्याने ते?

मी अकरावीत असताना बाबा आजारी पडले. शिक्षण सुटलं. टँकर विकला. मी फ्लेक्सच्या दुकानात लागलो.

१९ फेब्रुवारी

डोंबिवलीला अभिनयाच्या क्लासला गेलो. सलील सरांना पेढे दिले. सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं. टाळ्या झाल्या. दोन वर्षांपूर्वी याच वर्गात मी तोंड उघडलं की हसायचे. माझ्या तोंडात ण नव्हता, ळ नव्हता. सरांनी दातांत पेन्सिल धरायला लावून पानंच्या पानं वाचून घेतली. ओठ फुटायचे. घरी बोललो की आई म्हणायची, "भटजीवानी बोलाला लागला."

आणि गंमत बघा. ऑडिशनला विनिता मॅडम म्हणाल्या, "असं शुद्ध नको रे. घरी कसा बोलतोस, तसं बोल." मला येईना! गेलेलं होतं. मग बाबांना डोळ्यांसमोर आणलं आणि त्यांच्यासारखा बोललो. त्यावरच झालं माझं.

सरांना मिशीचं विचारलं. सर म्हणाले, "नयन, नटाचं शरीर हे नटाचं नसतं."

बरं. पण बाबांचंही नसतं का?

२४ फेब्रुवारी

विचारलं.

संध्याकाळी ते दारात खुर्चीवर होते. मी खाली पायरीवर बसून सगळं सांगितलं. सिनेमा काय, भूमिका काय, कॅमेरा किती जवळ. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मशीनचा आवाज तेवढा.

मग म्हणाले, "मी जिता हाय रं अजून."

"बाबा, ते खोटं खोटं आहे."

"केस खोटं हायेत?"

मी पायरीवरची माती नखाने उकरली.

"नको करूस, बाला," म्हणाले. रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२ मार्च

मॅडमना विचारलं की टकलाची टोपी चालेल का, नाटकात लावतात तशी. म्हणाल्या, "क्लोजअपमध्ये कपाळावर शिवण दिसते. नयन, अडचण असेल तर आत्ता सांग. माझ्याकडे दुसरा मुलगा आहे."

दुसरा मुलगा कोण ते मला माहीत आहे. ऑडिशनला बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसलेला. चांगला आहे. इंग्रजी बोलतो.

"काही अडचण नाही मॅडम."

१७ मार्च

उद्यापासून शूटिंग. शीळफाट्याजवळ एक बंद कंपनी आहे, तिच्यातच घराचा सेट लावला आहे. राहायची सोय तिकडेच. घरी सांगितलं, महिनाअखेरीला येईन. माझा हिशोब असा की तोवर थोडे केस येतील, मग टोपी घालून वावरता येईल, मिशीही जरा दिसेल. बाबांना कळणारच नाही.

निघताना बाबांच्या पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. काढून घ्यायला विसरल्यासारखा बराच वेळ ठेवला.

१८ मार्च

काढले.

मेकअपच्या खोलीत नाही, कॅमेऱ्यासमोरच. मॅडमना तो शॉट हवा होता. न्हावीही खराच आणलेला, कळव्याचा. पाणी लावून घासायला लागला आणि हळूच विचारलं, "वडील आहेत ना?"

मी "हो" अशी मान हलवली.

त्याने वस्तरा खाली ठेवला. असिस्टंटकडे बघून म्हणाला, "मला हे आधी सांगायला पाहिजे होतं." मग असिस्टंटने त्याला बाजूला नेलं, काहीतरी समजावलं. परत आला. मिशी काढताना त्याने तोंड बाजूला वळवलं. नजर न ठेवता वस्तरा चालवला. कापलं नाही.

शॉट एका टेकमध्ये ओके.

१९ मार्च

आरशात बघितलं की बाबा दिसतात. मिशी नसलेले.

२१ मार्च

आज माझं काम नव्हतं. चार्जर आणि दोन शर्ट दुकानात राहिलेले ते आणायला माजिवड्याला गेलो. टोपी घातली होती. सिग्नलला घाम पुसायला काढली, एवढंच. समोर बाइकवर बंटी. गोविंदाकाकांचा मुलगा. आमचं बोलणं नाही म्हणून मी नुसता हात वर केला.

त्याने बाइक स्टँडवर लावली. मागे हॉर्न वाजत होते. बंटीने मला दोन्ही हात जोडले, खाली मान घातली आणि निघून गेला.

मला वाटलं टिंगल करतोय.

२२ मार्च, शनिवार

सकाळी आईचा फोन. "घरी ये. आत्ता ये. काय करून ठेवलंस ते ये आनि बग."

कोलशेतच्या नाक्यावर रिक्षातून उतरलो. समोर फ्लेक्स. "भावपूर्ण श्रद्धांजली". वर बाबांचा फोटो, टँकरच्या लायसन्सवरचा. खाली "शोकाकुल : समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ". आमच्याच दुकानातला नमुना. निळे ढग, दोन समया. तो नमुना मीच बनवलेला.

मंडळाच्या मुलांनी पहाटेच रवींद्रशेठना उठवून छापून घेतला होता. शेठना वाटलं, मी सुट्टीवर आहे ते याचसाठी.

गल्लीत चपलाच चपला. बायका डोक्यावरून पदर घेऊन आलेल्या, पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून. आणि दारात, नेहमीच्या खुर्चीवर, नाकात नळी घालून बाबा बसलेले. कुणाला निघता येत नव्हतं, कुणाला बसता येत नव्हतं. शेजारच्या ठमाबाईने वरण-भाताचं पातेलं आणलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. ती पातेलं घेऊन तशीच उभी.

बाबा तिला म्हणाले, "ठेव गं. आनलंस त जेवतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मग बाबांनी मला बघितलं. मी टोपी काढली. काढायलाच लागली. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग ओठाच्या वर. ठमाबाईच बोलली, "रांडेच्या, बाप बसलाय ना समोर!"

तेवढ्यात गोविंदाकाका आले.

ते कल्याणला मुलीकडे होते. बातमी त्यांना कळली, बातमी खोटी हे कळवायचं कुणाला सुचलं नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले ते धावतच. अनवाणी. मी पाचवीत होतो तेव्हापासून ते आमच्या गल्लीत आले नव्हते. खाडीकडची जमीन त्यांनी बाबांना न विचारता बिल्डरला दिली, तेव्हापासून. "तुझ्या मयतालाही येणार नाही" असं दोघंही म्हणाले होते. मी ऐकलं होतं.

"सह्या! सह्या रं! मना न सांगता जेलास? मना न सांगता?"

बाबांना या नावाने फक्त तेच हाक मारायचे. लोक बाजूला झाले. कोणी त्यांना थांबवलं नाही. का नाही थांबवलं?

ते थेट खुर्चीसमोर आले आणि उभे राहिले.

हे मी नीट लिहितो. आधी तोंड उघडंच राहिलं, हाक अर्धी होती. मग डोळे. डोळ्यांत पाणी तसंच, पण मागून कोणीतरी दिवा बंद केला. हात पुढे केलेले होते, ते कुठे न्यायचे ते कळेना. एक हात टॉवेलला लावला. मग हनुवटी वर गेली. वीतभर अंतरावर दोघं भाऊ.

बाबा म्हणाले, "ये. बस."

गोविंदाकाकांनी इकडे तिकडे बघितलं. सगळं गाव बघत होतं. टॉवेलने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं. आणि वळून चालायला लागले. पायाला खडे टोचत होते म्हणून हळू. मागे बघितलं नाही.

लोक पांगले. आई आत जाऊन रडली. मी बाबांच्या पायाशी बसलो. ते म्हणाले, माझ्याशी नाही, समोर बघून :

"मेलेल्याला भेटाला आलता तो. मना नाय."

संध्याकाळी त्यांनी फ्लेक्स काढून आणायला लावला. मांडीवर पसरून स्वतःचा फोटो बघितला. "बरा हाय," म्हणाले. "फेकू नको. पान्याच्या टाकीवर झाक."

२३ मार्च

शूटिंगला परत आलो. येताना बाबांना "येतो" म्हटलं. त्यांनी मान दुसरीकडे केली.

२५ मार्च

आज मुख्य सीन. मुलगा दारात उभा आहे. कंपनीचा साहेब येतो, आणि मुलाला एक क्षण वाटतं की बाबाच आले. मग कळतं.

सहा टेक झाले. मॅडमना आवडेना. "तू रडतोयस. मला रडणं नकोय. मला थांबलेलं हवंय."

सातव्या टेकला मी गोविंदाकाकांचा चेहरा लावला. तसाच. अर्धी हाक, दिवा बंद, हात टॉवेलला, हनुवटी.

कट म्हणायला मॅडम विसरल्या. मग आल्या, माझे खांदे धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे कुठून आणलंस?"

"तयारी केलेली," म्हणालो.

मग स्पॉटदादाकडे टॉवेल मागितला. मागितल्यावर कळलं मी काय मागितलं ते.

३० मार्च

पहिलं शेड्यूल संपलं. मॅडमनी जवळ बसवून सांगितलं. दुसरं शेड्यूल २८ ऑगस्टपासून. त्यात वडील जिवंत असतानाचे सगळे सीन आहेत. बापलेकाचे. मला भरपूर केस हवेत, मिशी हवी. "तोपर्यंत कात्री लावायची नाही. वस्तरा तर नाहीच. सगळा सिनेमा आता तुझ्या डोक्यावर आहे." हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "मजा नाही करत, नयन. कलाकारांच्या तारखा पुन्हा मिळणार नाहीत. तुझे केस नसतील तर मला दुसरा मुलगा घेऊन पहिलं सगळं परत शूट करावं लागेल. आणि मी ते करीन."

मी "हो" म्हणालो.

या वेळी वाक्य संपू दिलं.

१३ एप्रिल

बाबा बोलत नाहीत माझ्याशी. पाणी मागायचं असलं तरी आईला सांगतात, मी शेजारी बसलेला असताना.

दुकानात परत लागलो. श्रद्धांजलीची ऑर्डर आली की शेठ स्वतः करतात. मला वाढदिवस देतात.

२ मे

बंटी नाक्यावर भेटला. म्हणाला, "साल्या, माझ्या बापाला गावासमोर नाचवलास." मी म्हटलं, "मी कुणाला बोलवलं नव्हतं." म्हणाला, "तुझ्या डोक्याने बोलवलं."

खरं आहे.

८ जून

आज बोलले!

मी त्यांचं मशीन पुसत होतो. एकदम म्हणाले, "त्या सिनेमात बाप कसा मरतो?"

"कंपनीत. बॉयलर फुटतो."

"म्हंजे पटकन."

"हो."

"बरा हाय मग." थोडा वेळ श्वास घेतला. "कोन करतो बापाचं काम?"

मी नटाचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "तो त एकदा माझे पान्याखाली भिजलेला. चांगला मानूस. ड्रायवरला पन चहा दिलेला." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस कानापर्यंत आलेत. "वाढतायत," म्हणाले.

मी बाहेर जाऊन टाकीच्या मागे उभा राहिलो. बराच वेळ.

६ जुलै

सिव्हिल. पाच दिवस. परत आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता.

१७ जुलै

बाबांना जेवण गिळवत नाही. आई पेज भरवते. मी त्यांच्या श्वासाकडे बघतो. मग आरशात जाऊन केस बघतो. मिशी भरली आहे. क्लासमधली कृतिका म्हणाली, "हिरो दिसायला लागलास." ती चांगल्या मनाने म्हणाली.

२१ जुलै

देवासमोर बसलो होतो. रोज मागतो तेच मागितलं. आज ते इथे लिहून बघतो.

"ऑगस्ट संपेपर्यंत राहू दे."

लिहिल्यावर दिसतंय मी काय मागतोय. बाबा राहू दे, असं नाही. ऑगस्ट संपेपर्यंत.

खोडणार नाही. राहू दे हे पान असंच.

३ ऑगस्ट

आईने विचारलं, "तुझं ते परत कवा हाय?"

"अठ्ठावीसला."

ती भाकरी थापत होती. एक झाली, दुसरी झाली. तव्यावर टाकून म्हणाली, "आनि त्याच्या आधी काय झालं त?"

मी पिठाचा डबा बंद करून ठेवला. तिने परत विचारलं नाही. भाकरी करपली. तिची भाकरी मी कधी करपलेली बघितली नव्हती.

७ ऑगस्ट

सलील सरांना फोन केला, विचारायला. सर म्हणाले, आजकाल शहरात कोणी काढत नाही, नुसती एक बट कापतात, चालतं, धर्मालाही चालतं. सर चांगलं समजावतात. ऐकताना सगळं पटलं. बरं वाटलं. मॅडमनाही कळवून ठेवलं की काही झालं तरी मी केस काढणार नाही. त्यांनी "थँक यू" लिहून पाठवलं आणि वडिलांची काळजी घे असंही.

ठरलं म्हणजे ठरलं. एक बट.

१० ऑगस्ट

बाबा दिवसभर दाराकडे बघत होते. आईने विचारलं, कोणी यायचं आहे का? ते "नाय" म्हणाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बाबा गेले. उजाडताना.

आई म्हणाली, गल्लीत सांगून ये. ठमाबाईचं दार वाजवलं. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, केसांकडे, मिशीकडे. "जा रं बाला," म्हणाली, "परत नाय फसाची मी." हसली आणि दार लोटलं.

दुसऱ्या दारात मंडळाचा मुलगा होता. म्हणाला, "या वेळेला आधी फ्लेक्स तूच छाप."

तिसरं दार गोविंदाकाकांचं, पलीकडच्या गल्लीतलं. दारापर्यंत गेलो, हात वर केला, आणि तसाच मागे वळलो. नाक्यावर जाऊन सलूनचं शटर वाजवलं.